वाचायला सांगू नका

मिरची टेबलाखाली जाऊन बसली, तेव्हा बाईंनी खुर्ची बाजूला सारली आणि त्याही जमिनीवर बसल्या. गुडघे कुरकुरले. बाई जाड पुठ्ठ्यात कात्रीने एक लांबट खिडकी कापत होत्या. ती पुस्तकावर ठेवली की एका वेळी एकच ओळ दिसते, बाकीच्या झाकल्या जातात.

"तुम्ही पण मला बाहेर काढणार ना?" टेबलाखालून आवाज आला.

"इथून बाहेर कुठे काढू?" बाई म्हणाल्या. "इतर वर्गांतून काढतात ती मुलं इथे येतात. याच्यापुढे खोलीच नाही."

खोली जिन्याखाली होती. पूर्वी तिथे खेळाचं सामान ठेवत. अभ्यासात मागे पडणारी, एका जागी न बसणारी, मारामाऱ्या करणारी, बोलायचंच सोडून दिलेली, अशी सगळ्या शाळेतली मुलं तिथे तासातासाने येत. शिक्षकांच्या खोलीत या वर्गाला 'दुरुस्ती विभाग' म्हणत, आणि बाई त्या हसण्यात सामील होत. त्यांच्या मनगटावर एका जुन्या विद्यार्थ्याच्या दातांची खूण होती. घरी गेल्यावर नवरा चहाचा कप पुढे करताना विचारी, "आज कुठे लागलं?" आणि खरंच कुठे लागलं असेल तर औषध घेऊन येई.

'मिरची' हे नावही शिक्षकांच्या खोलीतच पडलं होतं. पोरगी पाचवीत होती. अंगाने किरकोळ, पण एकदा भडकली की दोघांना आवरत नसे. कुणाची वही फाड, कुणाच्या पाठीत गुद्दा घाल, पाण्याची बाटली बाकावर उपडी कर. वर्गशिक्षिका सांगून थकल्या होत्या की ही कधी बिथरेल याचा नेमच नाही.

नेम होता. तो शोधायला बाई काही दिवस तिच्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. भाषेच्या तासाला मुलं ओळीने उभी राहून एकेक परिच्छेद वाचत. पाळी जवळ येऊ लागली की मिरची पुढची डोकी मोजायची, पुस्तकात बोट घालून आपला परिच्छेद शोधायची, ओठ हलवायची. मग बोट थांबायचं. तिच्या आधीचं मूल वाचायला उभं राहिलं की शेजारणीला चिमटा बसायचा किंवा बाटली उलटायची. वर्गशिक्षिका ओरडायच्या, मिरची वर्गाबाहेर जायची आणि पाळी तिला ओलांडून पुढे सरकायची. दारात उभ्या असलेल्या त्या पोरीच्या चेहऱ्यावर बाईंनी पाहिली ती सुटका.

तिला वाचता येत नव्हतं. डोकं तल्लख होतं, तोंडी हिशेबात ती वर्गात कुणाला ऐकत नसे. पण 'घर' आणि 'धर' यांत तिला फरक दिसत नसे, आणि ओळीतला पुढचा शब्द लागेपर्यंत मागचा निसटलेला असे. वाईट म्हणवून घेणं तिला परवडत होतं. ढ म्हणवून घेणं परवडत नव्हतं.

बाईंनी तिच्या वडिलांना बोलावून घेतलं. ते फ्रिज दुरुस्त करत. हातातली पिशवी खाली न ठेवताच त्यांनी सगळं ऐकून घेतलं. तपासणी करून घेऊ, म्हणजे परीक्षेत तिला सवलत मिळेल, असं बाई म्हणाल्या तेव्हा त्यांचा चेहरा बंद झाला. "तिला काही झालेलं नाही. मलाही शाळेत असंच व्हायचं," ते म्हणाले. "आळस होता. मार बसला, गेला." मग दारातून वळून त्यांनी बजावलं, माझ्या पोरीवर कसला शिक्का मारू नका.

शिक्क्याविना जे करता येण्यासारखं होतं ते बाईंनी केलं. मिरचीला त्यांनी शब्द दिला की वर्गातल्या कुणालाही हे कळणार नाही. वर्गशिक्षिका उद्याचा परिच्छेद आदल्या दिवशी सांगत. मग जिन्याखालच्या खोलीत पुठ्ठ्याच्या खिडकीतून एकेक ओळ सरके. मिरची वाळूच्या ताटात बोटाने 'घ' काढी, मोडी, पुन्हा काढी. चिडली की टेबलाखाली जाई, पण आता ती आपणहून बाहेरही येऊ लागली होती. एक दिवस ती वर्गात उभी राहिली आणि तिने आपला परिच्छेद वाचला. कुणी वळून पाहिलं नाही, कुणी शाबासकी दिली नाही. पुढचं मूल उठून वाचू लागलं. बाईंना हेच हवं होतं.

मग वर्गशिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि त्यांच्या जागी एक तरुण सर आले. बाईंनी त्यांना गाठून सगळं सांगितलं होतं. आयत्या वेळी तिला वाचायला सांगू नका, एवढं तरी लक्षात ठेवा, असं दोनदा म्हटलं होतं. सर मनाने चांगले होते. त्यांना वाटलं, पोरीला भीड आहे, ती चेपली पाहिजे. त्यांनी तिला पुढे बोलावलं, खांद्यावर हात ठेवला आणि न शिकवलेला धडा उघडून दिला. "घाबरू नकोस. वाच."

घराचं धर झालं. पुढचा शब्द आलाच नाही. मुलं हसली, आणि वातावरण हलकं व्हावं म्हणून सरही थोडंसं हसले. मिरचीने समोरच्या बाकावरची लोखंडी कंपासपेटी उचलून भिरकावली. ती लागली पहिल्या बाकावरच्या मुलीला, भुवईच्या वर. ती हसलीसुद्धा नव्हती.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत सगळे जमले. जखमी मुलगी कपाळाला पट्टी लावून आईच्या शेजारी बसली होती. मिरची दारापाशी वडिलांसोबत उभी होती. मुख्याध्यापकांना मिरचीची अडचण ठाऊक होती. त्यांनी मिरचीला बाहेर बाकावर बसायला सांगितलं आणि बाईंकडे पाहिलं, म्हणजे आता तुम्ही बोला.

बाईंनी विनंती केली की दुसऱ्या मुलीलाही थोडा वेळ बाहेर बसवावं. तिची आई आवाज न चढवता म्हणाली, "टाके तिला पडलेत. जे काय असेल ते तिच्यासमोर सांगा."

तिचं चूक नव्हतं. बाई तशाच उठून बाहेर गेल्या आणि मिरचीच्या शेजारी बसल्या.

"मी खरं कारण सांगितलं तर कदाचित ते तुला ठेवून घेतील," त्या म्हणाल्या. "पण मग ते वर्गात कळेल. सांगू?"

मिरची बुटांकडे बघत राहिली. "नका सांगू."

"शाळा सुटेल तुझी."

"सुटू दे." मग अगदी हळू, "तुम्ही शब्द दिलाय."

आत येऊन बाई म्हणाल्या की कारण आहे, पण ते मला इथे सांगता येणार नाही, माझ्यावर विश्वास ठेवा. हे किती लंगडं वाटतंय ते त्यांना स्वतःलाच ऐकू येत होतं. वडील मान खाली घालून उभे होते. एकदा त्यांनी मान वर करून बाईंकडे पाहिलं, बोलतील असं वाटलं, पण बोलले ते एवढंच, "मी काढतो तिला. बहिणीकडे ठेवीन, तिकडच्या शाळेत घालीन."

त्या संध्याकाळी बाईंचा चहा निवून गेला. "सांगायला हवं होतं का रे?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, मला तुझ्या कामातलं काय कळतं. थोड्या वेळाने म्हणाला, "तू सांगितलं असतंस तरी आज अशीच बसली असतीस."

बाईंनी मिरचीच्या आत्याच्या गावच्या शाळेला फोन केला. तिथल्या कारकुनाने प्रवेश होऊ द्या मग बघू म्हणून फोन ठेवला. पुन्हा केला तर कुणी उचलला नाही.

दाखला न्यायला वडील आले त्या दिवशी मिरचीही सोबत होती. ते ऑफिसात गेले आणि ती व्हरांड्यात सूचनाफलकापाशी थांबली. बाई जिन्याखालच्या खोलीतून बाहेर आल्या, पण तिला हाक मारायचा धीर होईना. शाळा भरत होती. मिरचीच्या वर्गातली मुलं तिच्याकडे बघत, कुजबुजत शेजारून जात होती. तेवढ्यात पहिलीतली एक चिमुरडी धावत आली, फलकाकडे बघून तिने टाचा उंचावल्या आणि मिरचीची बाही ओढली.

"ताई, काय लिहिलंय गं?"

मिरचीने फलकाकडे पाहिलं. बाईंना वाटलं, आता ही पोरीला ढकलणार. त्या पुढे झाल्या.

"मला नाही येत वाचायला," मिरची म्हणाली. आवाज नेहमीचाच होता, मागून जाणाऱ्यांना ऐकू जाईल एवढा. तिने बाईंकडे बोट केलं. "त्यांना विचार."

मागे कुणीतरी थबकलं. मिरचीने वळून पाहिलं नाही. वडील हाक मारत होते, ती त्यांच्या मागे फाटकाकडे चालू लागली.

चिमुरडी वर बघत वाट पाहत होती. बाईंनी चष्मा लावला आणि तिला वाचून दाखवलं की उद्या पाण्याची टाकी धुणार आहेत, सगळ्यांनी घरून पाणी आणावं.