विझायला उशीर झालेला दिवा

मी एक जुना पिवळा दिवा आहे. देवापुढचा नव्हे, मित्रांनो. मोटारीतला, स्टिअरिंगमागे राहणारा. इंजिनात बिघाड झाला की कंप्युटरची पेटी मला पेटवते. माझ्यावर इंजिनाचं चित्र आहे, पण मालकीणबाई लक्ष्मीदेवींना ते कासव वाटलं. १९९६ साली गाडी घरी आली तेव्हा पहिलं कुंकू मलाच लागलं. तेव्हापासून मी जरा तांबूसच दिसायचो.

मालक नरसिंगराव. बंगळूरला कापडाचं दुकान. घरात मराठी, गिऱ्हाइकाशी कन्नड. दोन वर्षं मला काम असं नव्हतंच. चावी फिरली की क्षणभर पेटायचं नि विझायचं. याचं कौतुक कोण करणार?

मग भाद्रपदात एका सकाळी मी पेटलो तो पेटलोच. गाडी काळा धूर ओकू लागली. नरसिंगराव शहरातच यशवंतपूरला विठोजी मेकॅनिककडे गेले. विठोजी चाळीस वर्षं इंजिनाला कान लावून रोग सांगत आले होते. या इंजिनाला कान लावला, तर कानच भाजला.

"राहू दे विठोजी, कंप्युटरची गाडी आहे. तुम्हाला नाही जमायची."

"स्वल्प थांबा, रावसाहेब. मी कागद आणलाय."

कुठल्याशा पुस्तकाच्या एका पानाची झेरॉक्स होती ती. तीत सांगितल्याप्रमाणे विठोजींनी पेटीच्या वायरींची दोन टोकं तारेने जोडली. मित्रांनो, जन्मात पहिल्यांदा मला कुणीतरी काही विचारत होतं! मी एकदा लुकलुकलो, थांबलो, मग चारदा लुकलुकलो. विठोजींनी बोटं मोजली. चौदा. कागदावर चौदापुढे लिहिलं होतं, पाण्याची उष्णता मोजणारा सेन्सर. त्याची वायर उंदराने खाल्ली होती. विठोजींनी ती जोडली. धूर थांबला. इंजिन शहाण्या मुलासारखं चालू लागलं.

मी मात्र पेटलेलाच.

कारण पेटी झालेली तक्रार विसरत नाही. बॅटरी काही वेळ काढून ठेवावी लागते. हे त्या पानाच्या मागच्या बाजूला छापलेलं होतं. झेरॉक्सवाल्याने एकच बाजू काढली होती.

"काय हो," नरसिंगराव हसले, "कासवालासुद्धा पटत नाहीये तुमचं!"

गॅरेजमधले सगळे हसले. विठोजींचा चेहरा उतरला. "इंजिन बरं झालंय. चालवा, दिवा विझेल. नाही विझला, तर खंडेनवमीला हे नटबोल्टाचे पाने पूजेला बसवीन, ते पुन्हा उचलणार नाही."

खंडेनवमीच्या सकाळी नरसिंगरावांनी फोन लावला. "विठोजी, कासव जागंच आहे हं!"

"सरी, ठीक आहे," एवढंच म्हणून विठोजींनी फोन ठेवला.

त्या दिवशी लक्ष्मीदेवींनी पाटावर कात्री, कापड मोजायचा गज आणि मिक्सर मांडला. मग म्हणाल्या, "गाडी मावायची नाही. तिचा जीव तरी आत आणा." बॅटरी आत आली, हळदकुंकू लावून रात्रभर देवघरात बसली. दसऱ्याला ती परत जोडली, चावी फिरली, आणि मी क्षणभर पेटून विझलो.

"देवीनं केलं!" लक्ष्मीदेवी म्हणाल्या.

नरसिंगराव आपट्याची पानं घेऊन थेट यशवंतपूरला निघाले. वाटेत धुराचा ठिपकाही नाही.

विठोजी खुर्चीवर बसले होते. हात इतके स्वच्छ की ओळखू येईनात. भिंतीवर पान्यांना झेंडूच्या माळा.

"दिवा विझला, विठोजी. माझं चुकलं. पाने उचला."

"विझला? बरं झालं." त्यांनी सोनं घेतलं, कपाळाला लावलं. "पण पूजेला बसवलेत ते. आता नाही उचलायचे."

मग ते गाडीशी आले, दारातून वाकले आणि अंगठ्याने माझ्यावरचं कुंकू पुसलं. "रावसाहेब, कासव नाही हे. इंजिन आहे."

आता मी देवनहळ्ळीकडे भंगारात पडून आहे. बोललो ते खरं बोललो, फक्त संपलेली गोष्ट उगाच धरून बसलो. मित्रांनो, दिवा पेटला तर त्याला जरूर विचारा; पण हात काळे करून सांगणाऱ्या माणसापेक्षा दिव्याला मोठं मानू नका. आणि झेरॉक्स काढाल, तेव्हा पान उलटून बघा.