बंद फाटकापर्यंत जाणारी मेटॅडोर

मित्रांनो, पांढरकवड्याला हमरस्ता सोडून आत वळलं, की एका गादी कारखान्याच्या मागे शेवग्याचं झाड लागतं. त्या झाडाखाली चाकं मातीत रुतलेली एक जुनी मेटॅडोर उभी आहे. ती मी. माझ्या केबिनमध्ये आता कोंबड्या अंडी घालतात. पुढच्या काचेवर शेवग्याचा पाला साचतो आणि कुणी तो झाडत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तुम्हाला सांगायचं आहे ते दुसरंच.

माझ्या जन्माचं मला फारसं आठवत नाही. पत्र्यावर हातोडे पडत होते आणि नव्या रंगाचा वास होता, एवढंच. उमेदीची वर्षं मी वणीला विटा वाहिल्या. विटांनी माझी कंबर मोडली, तेव्हा मालकानं मला भंगारात काढलं. तिथून मला मोईनभाईंनी उचललं. मोईनभाई पांढरकवड्याचे मिस्त्री. त्यांनी महिनाभर खपून माझं इंजिन उतरवलं, बसवलं, पुन्हा उतरवलं. शेवटी माझ्या कपाळावर समोरासमोर दोन मोर रंगवले आणि बायकोला हाक मारली, "अतिया, ये, पाह्य तुझी गाडी!"

अतियाबाईंनी तेव्हा नुकताच गादी कारखाना सुरू केला होता. कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड, एक पिंजायचं यंत्र आणि गाद्या शिवणाऱ्या काही बाया. सगळे त्यांना बाजी, म्हणजे ताई, म्हणत. बाजी बायांना पंख्याखाली बसवायच्या, चहा स्वतः ओतायच्या, कुणाचं लेकरू तापलं की तिला घरी धाडायच्या. "माह्या कारखान्यात कोणाचा तळतळाट नाही," असं त्या अभिमानानं सांगत. ते खरंही होतं. शेडच्या दारापर्यंत खरं होतं.

दाराबाहेरची रुई मी आणायची. मला चालवायचा धर्मपाल, मारेगावकडचा, कमी बोलणारा माणूस. करंजीवरून वळून आम्ही मारेगावच्या पुढे वणी रस्त्यावरच्या एका जिनिंगात जायचो. तिथं कपाशीतून सरकी निघायची आणि रुईचे बोरे भरले जायचे. रुई पांढरी, स्वच्छ आणि इतरांपेक्षा स्वस्त. ती स्वस्त कशी, हे कुणी विचारलं नाही.

ती वर्षं वाईट होती, मित्रांनो. बोंडअळीनं कपाशी पोखरली होती, बाजारात भाव नव्हता, आणि वेचणीची कामं मिळेनाशी झाली होती. रानातल्या पोडांवरची, म्हणजे छोट्या वस्त्यांवरची, कोलाम आदिवासी माणसं मिळेल त्या कामामागे जात होती. त्या जिनिंगात तीच माणसं होती. फाटकाला आतून कुलूप असायचं. माझा हॉर्न वाजला की रामधन नावाचा मुकादम ते उघडायचा आणि मी आत शिरले की लगेच लावायचा. मला वाटायचं, माल चोरीला जाऊ नये म्हणून असेल.

बोरे माझ्या पाठीवर चढवणाऱ्यांत गंगी नावाची एक तरुण मुलगी होती. केसांत, पापण्यांवर रुईचे तंतू, त्यामुळे ती अवेळी म्हातारी झाल्यासारखी दिसे. धर्मपालनं एकदा पाहिलं, की तीच नव्हे, तिथली सगळीच माणसं अनवाणी आहेत. परत आल्यावर त्यानं बाजींना सांगितलं. बाजींना वाईट वाटलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी बाजारातून नव्या चपलांचं पोतं भरून आणलं आणि माझ्यात ठेवलं. "गरीब लोकं हायेत बिचारे," त्या म्हणाल्या.

गंगीनं चप्पल पायात घालून फरशीवर दोनदा चालून पाहिलं आणि ती हसली. मी तिला हसताना तेवढंच पाहिलं.

पुढच्या खेपेला सगळे पुन्हा अनवाणी.

"चपला कुठं गेल्या व?" धर्मपालनं हळूच विचारलं.

गंगीनं आधी मुकादम कुठे आहे ते पाहिलं. मग बोरा सरळ करण्याच्या निमित्तानं वाकून म्हणाली, "रामधननं नेल्या. आमच्या पयल्या नेल्या, तशाच ह्याही नेल्या."

"काहून?"

तिनं हनुवटीनं कुंपणापलीकडे दाखवलं. वेचणी संपलेलं शेत होतं. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, कोयत्यानं तिरप्या छाटल्या होत्या आणि जमिनीतून त्यांचे बुडखे खिळ्यांसारखे वर आले होते. तसंच रान चारी बाजूंनी, दूरपर्यंत.

"त्याच्यातून बिनचपलेचं पळता येते का, दादा?"

मग गंगीनं सगळं सांगितलं. दसऱ्यानंतर मुकादम पोडावर आला होता. थोड्या दिवसांचं काम म्हणून त्यानं घरोघरी उचल दिली आणि माणसं नेली. ठरलेले दिवस संपले, संक्रांत गेली, तरी उचल फिटली नाही असंच तो सांगतो. एका माणसानं जायचं म्हटलं, तर त्याला सरकीच्या कोठीत कोंडून मारलं.

"माह्या मायले सांगा, गंगी जित्ती हाय म्हणून," ती म्हणाली. "आन् पुढच्या खेपेले येसान ना तुमी?"

"येतो. येतोच," धर्मपाल म्हणाला.

त्या दिवशी रुईनं भरलेली असूनही मी फार जड झाले होते. धर्मपालनं मला सरळ गंगीच्या पोडाकडे वळवलं. गंगीची आई रुक्माबाई अंगणात मोहाच्या झाडाखाली बसली होती. निरोप ऐकून तिनं धर्मपालचे दोन्ही हात धरले. "म्या गेलती फाटकावर. या नावाची पोरगी इथं नाही म्हणे. म्या समजली, मेली," ती म्हणाली, आणि मग कितीतरी वेळ माझ्या पाठीवरच्या रुईकडे पाहत राहिली. तिच्या लेकीनं भरलेली रुई.

धर्मपालनं हे कारखान्यात येऊन सांगितलं तेव्हा गाद्या शिवणाऱ्या बायांच्या सुया थांबल्या. बाजींचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः माझ्या केबिनमध्ये बसून जिनिंगात गेल्या. शेठनं खुर्ची दिली, चहा मागवला. बाजींनी चहाला हात लावला नाही.

"फाटक उघडा, शेठ. ज्याले घरी जायचं त्याले जाऊ द्या."

शेठ हसला. "बाजी, तुमी रुई पाहा ना. पांढरी हाये का नाही? मंग झालं. अन् नसन पाहिजे तं घेणारे लय हायेत."

त्या संध्याकाळी कारखान्याच्या दारात, माझ्या शेजारीच, मोईनभाई आणि बाजींचं भांडण झालं. आश्रमशाळेच्या वसतिगृहाच्या गाद्या अर्ध्या शिवून झाल्या होत्या. उरलेल्यांसाठी रुई कुठून आणायची, असं मोईनभाई विचारत होते.

"आपुन रुई घेतो, अतिया. माणसं थोडीच घेतो!"

"माणसंच घेऊन राह्यलो, मोईन! इतक्या दिवस कळलं नाही, एवढंच."

"तुह्या बाया घरी बसतीन. त्यायच्या चुलीचं काय?"

तरी बाजींनी दोन गोष्टी ठरवल्या. सरकारी कचेरीत जाऊन त्यांनी वेठबिगारीची तक्रार दिली आणि धर्मपालची साक्षही नोंदवली. आणि धर्मपालला सांगितलं, "त्या जिनिंगात आता गाडी न्यायची नाही. त्या पापाची रुई माह्या उंबऱ्याच्या आत नको."

सगळ्यांना ते बरोबर वाटलं. नंदाबाई नावाच्या म्हाताऱ्या कामकरणीनं बाजींच्या तोंडावरून हात फिरवून दृष्ट काढल्यासारखी बोटं मोडली. मी शेवग्याखाली उभी राहिले. यंत्र बंद पडलं, बाया घरी बसल्या, वसतिगृहाचं काम दुसऱ्याकडे गेलं. बाजींनी हे सगळं सोसलं. आपण आपले हात स्वच्छ केले, या समाधानावर सोसलं.

तिकडे जिनिंगात गंगी हॉर्नची वाट पाहत होती. ही गोष्ट कुणाच्याच मनात आली नाही.

त्या कुंपणाआड बाहेरचं एकच ओळखीचं माणूस येत होतं, आणि ते येणं आम्ही थांबवलं होतं. तक्रारीचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर चालला होता. गंगीला त्यातलं काही माहीत नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं, की येतो म्हणालेला माणूस आला नाही. कितीतरी दिवस तिनं वाट पाहिली. मग एका पहाटे, कोळशाचा ट्रक कुंपणाला घासून तार तुटली होती तिथून ती बाहेर पडली आणि अनवाणी त्या रानात शिरली.

पऱ्हाटीच्या बुडख्यांनी तिचे तळवे फाडले. रस्त्यावर आली तर मुकादम पकडेल, म्हणून ती एका ओस पडलेल्या खोपटात लपून राहिली. जखमा चिघळल्या. एका मेंढपाळाला ती सापडली तेव्हा ती चालू शकत नव्हती. त्यानं तिला खांद्यावर घालून दवाखान्यात पोचवलं, पोडावर निरोप दिला. रुक्माबाई धावत आली. मायलेकी एक दिवसभर बोलल्या. मग गंगीची दातखिळी बसली. धनुर्वात झाला होता. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले. ती वाचली नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी अधिकारी आणि पोलीस जिनिंगात गेले. फाटक उघडलं. माणसं बाहेर आली तेव्हा त्यांना घरी न्यायला कुणाची तरी गाडी हवी होती, म्हणून मला बोलावलं. बाजीही केबिनमध्ये बसून आल्या. धर्मपालनं हॉर्न वाजवला नाही. कोठीत एका पोत्यात चपला सापडल्या. जुन्या, नव्या, सगळ्या एकत्र. माणसं आपापल्या शोधत होती. एक जोड कुणी उचलला नाही.

पोडावर पोचलो. बाया उतरल्या, रडल्या, लेकरांना कवटाळलं. बाजी केबिनमधून खाली उतरल्या. समोर रुक्माबाई उभी होती. लेकीला मातीआड करून आलेल्या त्या बाईच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

"बाजी, गाडी काहून बंद केली? पोरगी म्हणे, हॉर्न आयकू येईन, आयकू येईन..."

बाजी माझ्या दाराला टेकल्या. मग तिथंच मातीत खाली बसल्या.

खटला रेंगाळला. रामधन मुकादम पुढच्या हंगामात दुसऱ्या तालुक्यात माणसं भरताना दिसला, असं धर्मपाल सांगत होता. कारखाना हळूहळू पुन्हा उभा राहिला, पण बाजी पहिल्यासारख्या हसल्या नाहीत. तळतळाटाचं ते वाक्यही पुन्हा त्यांच्या तोंडी आलं नाही. नवीन ठिकाणची रुई घेण्याआधी त्या माझ्यातून जायच्या, वजनकाटा ओलांडून थेट बायांच्या चुलीपाशी जाऊन बसायच्या. घरी कधी गेली होतीस, असं विचारायच्या. एका जिनिंगात बायांनी मान खाली घातली. तेव्हा बाजींनी गुपचूप तक्रार दिली, पण मला रोज तिथं धाडलं. रुई घ्यायची नसली तरी काहीतरी निमित्त काढून धाडलं. मोईनभाई स्वतः मला चालवत. आठवडाभरानं तिथली माणसं सुटली, सगळीच्या सगळी. त्या संध्याकाळी बाजी केबिनमध्ये एकट्या बसून खूप रडल्या. ही सुटली, पण ती एक सुटली नाही, याचं ते रडणं होतं.

मग माझं इंजिन थकलं. मोईनभाईंचेही हात थकले होते. कपाळावरचे मोर उन्हानं पुसून गेले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू बहुधा तुम्हाला म्हणतात, आमची निगा राखा. मी तसं म्हणणार नाही, पत्रा गंजतोच. पण रात्री तुम्ही ज्या गादीवर पाठ टेकता, जो सदरा अंगात घालता, तो कुणाच्या हातून आला ते विचारा. मोठ्यांना विचारा, दुकानदाराला विचारा. उत्तर वाईट निघालं तर तोंड फिरवून निघून जाऊ नका. तुमची वाट पाहणारं कुणीतरी तिथं आत असतं. ते बाहेर येईपर्यंत जात राहा.