हिरवा ठिपका

नातीला कॉम्प्युटर घ्यायचा होता आणि त्यावरून घरात आठवडाभर दोन तट पडले होते. सुनेचं म्हणणं, तयार संच घ्यावा. कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड सगळं एका खोक्यात, वर कंपनीची वॉरंटी. नात म्हणे, सुटे भाग आणून स्वतः जोडायचा. ती घरांचे नकाशे काढते, तिला दणकट मशीन हवं.

"तयार संच म्हणजे बाहेरून झकपक आणि आत नुसता भरणा," ती म्हणाली. "पॉवर सप्लाय तर असला घालतात की बघवत नाही. आजी, तू सांग ना आईला. तू रेडिओ जोडायचीस."

"तयारच घे," मी म्हटलं.

"तू असं म्हणतेस? तू?"

"तारीख लिहून ठेवते," सून म्हणाली. "आज आई माझ्या बाजूनं बोलल्या."

मीही हसले. पण जोडायचं नाव निघालं तेव्हापासून ती, माझी कारखान्यातली जोडीदारीण, माझ्या मानेशी येऊन उभी होती. चाळीस वर्षांहून जास्त झाली, अशीच येते. मी दिव्याच्या बटणाला हात लावला की मागे कुणीतरी श्वास रोखतं. वळून बघावं तर भिंत. कधी नुसता रंगाचा वास येतो, ओला, नाकाला झोंबणारा, बाटलीचं झाकण आत्ताच उघडावं तसा. घरात दुसऱ्या कुणाला तो येत नाही. विचारणं मी केव्हाच सोडून दिलं.

तिला आम्ही हिरवी म्हणायचो. रेडिओच्या कारखान्यात आमचा बाक एकच होता. स्क्रू आवळून झाला की त्यावर ब्रशनं रंगाचा ठिपका द्यायचा, अर्धा स्क्रूच्या डोक्यावर, अर्धा पत्र्यावर. ठिपका म्हणजे, हा मी आवळला, जबाबदारी माझी. प्रत्येकीचा रंग वेगळा, म्हणून ती हिरवी आणि मी पिवळी. आमची खरी नावं फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायची.

मला एक वाईट खोड होती. ब्रश हातात आहे तोवर मी चारही स्क्रूंवर आधीच ठिपके देऊन टाकायचे आणि मग आवळत सुटायचे. तेवढाच वेळ वाचायचा. हिरवी ओरडायची, "जेवायच्या आधीच ढेकर देतेस तू!"

एकदा माझी बाटली वाळून गेली. "घे माझी," ती म्हणाली. "रंगाला काय कळतंय हात कुणाचा!" मी तिच्या हिरव्यानं चार ठिपके दिले आणि जेवणाची घंटा झाली. परत येऊन बघते तर ठिपके दिलेले. स्क्रू आवळून झालेत असं धरून सेट पुढे ढकलला.

चार महिन्यांनी तो परत आला. वायर धरून ठेवणारा स्क्रू निघाला होता, वायर पत्र्याला टेकली होती, आणि रेडिओ पुसायला गेलेली एक बाई शॉक लागून जागच्या जागी मेली होती. तपासनिसांनी सेट उघडून टेबलावर ठेवला. एकीकडे ओघळलेला तो घाईचा ठिपका मी लगेच ओळखला. हिरवी वाकून बराच वेळ बघत राहिली.

"रंग माझाच आहे," ती म्हणाली.

मी तिच्या शेजारी उभी होते. तिला त्याच दिवशी काढलं. कारखाना बंद पडेपर्यंत मी त्या बाकावर बसले.

शनिवारी नातीबरोबर दुकानात गेले. काउंटरमागे पन्नाशीची एक बाई, चष्मा कपाळावर चढवलेला.

"सुटे भाग देते," ती नातीला म्हणाली, "पण इथे जोडून मिळणार नाही. आणि माझं ऐकशील तर तूही त्या फंदात पडू नकोस. तयार संच ने. आमच्याकडे पेटी बंद येते, बंद जाते."

"पण बाकीची दुकानं जोडून देतात!"

"देऊ देत." मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. चष्मा नाकावर उतरला. "अय्या, पिवळी मावशी ना? आईच्या बाकावरच्या! तुमचा दोघींचा फोटो आहे घरी."

माझ्या मानेशी श्वास थांबला. "कशी आहे ती?" मी विचारलं.

"गेली हो. तीन वर्षं झाली." ती नातीकडे वळली. "आजीला विचार, माझी आई काय जोडायची ते! पण एक स्क्रू ढिला राहिला तिच्या हातून आणि माणूस गेलं. त्यानंतर तिनं घरात कधी बटण दाबलं नाही. मी शाळेतून येईपर्यंत अंधारात बसलेली असायची. मलाही शपथ घातली, स्क्रू ड्रायव्हर हातात धरायचा नाही, आपल्या हाताला यश नाही. एवढं दुकान थाटलं मी, पण साधा पंखा बसवला नाही कधी." ती हसली. "आता म्हण वेडेपणा. असतो एकेकाचा."

नात तयार संचाच्या खोक्याकडे वळली. मी गप्प राहिले असते तर पाच मिनिटांत आम्ही ते उचलून घरी निघालो असतो. पण मला वास आला. दुकानात सगळा माल प्लॅस्टिकमध्ये बंद होता, रंग असायचं काही कारण नव्हतं.

"तो स्क्रू मी ढिला ठेवला," मी म्हटलं. "रंग तिचा होता. हात माझा."

मग बाटलीचं, घंटेचं, ठिपक्यांचं सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. स्वच्छ काउंटरवरून तळहात फिरवत राहिली. मग नातीपुढे हात केला.

"यादी दे तुझी."

एकेक भाग तिनं फळीवरून उतरवला. "उद्या सकाळी घरी येते. तू दाखव, मी जोडते. जोडताना यांनी त्या खोलीत यायचं नाही."

मावशी हा शब्द गेला होता.

रविवारी मी स्वयंपाकघरात बसून राहिले. खोलीचं दार लोटलेलं. आतून बोलणं ऐकू येत होतं.

"अहो, इतका जोर नका लावू, बोर्ड तडकेल!"

"मग किती लावू?"

"स्क्रू थांबला की आपण थांबायचं."

"थांबला. हात लावून बघ बरं."

"घट्ट आहे. पुढचा मी करू?"

"अजिबात नाही. सगळे मीच."

"काय झालंय नक्की?" सुनेनं मला हळूच विचारलं.

मानेशी त्या दिवशी कुणी नव्हतं. मी दोनदा वळून बघितलं. हलकं वाटायला हवं होतं, पण पाठ उघडी पडल्यासारखी झाली होती. दारापलीकडे त्या दोघी मध्येच गप्प व्हायच्या, तिसरं कुणी बोलत असावं तशा.

शेवटी कॉम्प्युटरचा पंखा फिरल्याचा आवाज आला आणि नात ओरडली, "चालू झाला!" दुकानदारीण बाहेर आली. सुनेनं दिलेलं पाणी हातात धरून दारातच उभी राहिली.

"एक विचारायचं होतं. बाटली तुम्हाला दिली होती, हे आईला आठवलं नाही का?"

नाही म्हणणं सोपं होतं. तिला तेच ऐकायचं होतं, चेहराच सांगत होता.

"आठवलं होतं," मी म्हटलं. "काढल्यावर महिन्याभरानं विचारायला माझ्या दारात आली होती. मी म्हटलं, मी कधी घेतली तुझी बाटली? भास होतोय तुला."

"मग?"

"असेल, म्हणाली. आणि गेली."

तिनं पेला ओट्यावर ठेवला. खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसली.

"सगळं सांगा," ती म्हणाली. "दारात कशी उभी होती, तिथपासून."