मल्लव्वाचा चष्मा

महेश्वरचं सोलापुरात चष्म्याचं दुकान होतं, आणि डोळे तपासण्यात आपला हात धरणारा कुणी नाही असं तो समजून होता. त्याच्याच हाताखाली सहा वर्षं शिकलेल्या दिपालीनं नोकरी सोडली आणि आठवडी बाजारांतून फिरून स्वस्तात चष्मे द्यायला लागली, तेव्हा तो गालातल्या गालात हसला होता. आता तिच्या गाड्या चार तालुके फिरत होत्या. केनियातनं माणसं तिचं काम शिकायला आली, तेव्हा पेपरातला फोटो त्यानं पालथा घालून ठेवला.

त्यातच मंद्रूप गावी त्याच्या धाकट्या भावाकडं राहणारी आई, मल्लव्वा, त्याच्याकडं आली ती दिपालीचाच चष्मा लावून.

"वरीसभर तू म्हंतोस, पुढच्या खेपंला करतो," ती म्हणाली. "त्या पोरीनं दुपारपातूर हातात दिला की."

महेश्वरनं आईला दुकानात नेऊन तिचे डोळे तपासले, मग चष्मा मशीनवर लावला. तीनदा बघितलं. नंबर तंतोतंत जुळत होता.

"चुकलाय नंबर," तो म्हणाला. चष्मा ड्रॉवरमध्ये टाकून त्यानं तिला सोनेरी काड्यांचा नवा करून दिला.

मल्लव्वा सरळ बाई. गावी परतल्यावर पुढच्या बाजाराला तिनं दिपालीला गाठून सांगितलं, "तुजा नंबर चुकला म्हनतोय माजा ल्योक. दुसऱ्या कुनाचं असं व्हायला नको."

दुसऱ्या दिवशी सकाळीच दिपाली दुकानात आली. चेहरा उतरलेला.

"सर, त्या दिवशी साठ जणांचे डोळे तपासलेत मी. सगळ्यांना परत बोलवावं लागेल. किती चुकलाय तेवढं सांगा."

एक खोटा आकडा सांगायचा अवकाश, तिचं नाव बुडालं असतं. तो जिभेवर आलाही. पण दिपाली वही उघडून, पेन धरून उभी होती. महेश्वर सांगेल ते लिहून घ्यायला. त्यानं ड्रॉवरमधला चष्मा पुढं सरकवला.

"तूच बघ."

तिनं तो मशीनवर लावला, वहीशी ताडून पाहिला.

"सर, हा तर बरोबर आहे."

"पहिल्यापासून बरोबरच होता," महेश्वर म्हणाला.

आता ती चार शब्द सुनावेल म्हणून तो मान खाली घालून थांबला. दिपालीनं मोठा श्वास सोडला.

"म्हणजे साठही जणांचे नीट आहेत," एवढंच ती म्हणाली, आणि फोनवर कुणाला तरी तेच सांगत पायऱ्या उतरली.

ती भांडली असती तर त्यालाही भांडता आलं असतं. आजवर त्याला तिच्या नावाचा हेवा वाटायचा. आता तिच्या मनाचाही वाटायला लागला.