पुढचा अर्धा श्लोक

येत्या पौषात पानिपताला बारा वर्षं पुरी होणार होती. जी माणसं परतली नाहीत आणि ज्यांना मरताना कुणी पाहिलंही नाही, त्यांना जिवंत समजायचं की मेलेलं, हा प्रश्न पुण्यात घरोघर होता. कसब्यातल्या ब्राह्मणसभेनं तो यज्ञेश्वरशास्त्र्यांवर सोपवला. कार्तिक संपायच्या आत निबंध लिहून सभेपुढे वाचायचा, असं ठरलं.

शास्त्रीबुवांची लेक आनंदी त्यांच्याजवळच राहत होती. तिचा नवरा श्रीनिवास फौजेबरोबर कारकून म्हणून उत्तरेत गेला, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. "तो आला की घेऊन जाऊ," म्हणून वाईच्या सासरच्यांनी तिला माहेरी ठेवलं, ते ठेवलंच. शास्त्रीबुवांना मुलगा नव्हता आणि डोळे अधू होत चालले होते. त्यांनी लेकीला आधी अक्षर शिकवलं, मग संस्कृत. लोक बोलले, त्यांनी मनावर घेतलं नाही. गेली आठ वर्षं त्यांच्या प्रत्येक निबंधाची शुद्ध प्रत आनंदीच्या हातची असे.

निबंध कसा लिहावा, हेही तिला त्यांनीच शिकवलं होतं. बोरू उचलण्याआधी पाटीवर पाच घरं आखायची: विषय, शंका, विरुद्ध बाजू, तिला उत्तर आणि निर्णय. "विरुद्ध बाजू अशी मांडावी, की त्या बाजूच्या माणसाला वाटावं, आपल्याला इतकं नीट सांगता आलं नसतं," ते म्हणत. "आणि वचन तोंडपाठ असलं तरी पोथी उघडून बघायचीच."

या वेळी मात्र पाटी कोरीच राहिली. शास्त्रीबुवांनी चार दिवसांत निबंध लिहून हातावेगळा केला.

पाचव्या दिवशी सकाळी वारज्याहून सोजरबाई आली आणि पायरीखालीच उभी राहिली. तिचा नवरा भैरू तोफांचे बैल हाकायला गेला होता.

"शास्त्रीबुवा, गावातला सर्जेराव मला आन् लेकीला सांभाळतो म्हणतोय. पाट लावायचा हाय. पण जमात म्हणती, भैरू गेला असा शास्त्र्याचा कागद आण. बारा वर्सं होत आली. लेक लग्नाला आली माझी."

"सभेत वाचन होईल, तेव्हा कळेल," शास्त्रीबुवा म्हणाले आणि पंचा उचलून नदीवर स्नानाला निघून गेले. आनंदीनं बाईला गूळपाणी दिलं, मग ती प्रत करायला बसली.

लिहिता लिहिता तिचा हात मंदावला. मरणाला साक्षीदार नसेल तर बाईनं जन्मभर सुवासिनी म्हणून राहावं, असा निर्णय होता. विरुद्ध बाजू दोन ओळींत उरकली होती. आधाराला एका जुन्या स्मृतीतलं वचन होतं: परदेशी गेलेल्याची, त्याच्या मृत्यूचा साक्षी मिळेपर्यंत वाट पाहावी. श्लोकाच्या शेवटी दोन दंड, म्हणजे दोन उभ्या रेघा असतात. इथं एकच होता.

तिनं हात धुतले, पोथीचं तांबडं फडकं सोडलं आणि पान शोधून काढलं. पुढचा अर्धा श्लोक तिथं होता: साक्षी न मिळाल्यास बारा वर्षांनी तो मृत मानावा. त्या पानात खुणेला तुळशीचं पान ठेवलेलं होतं. ते अजून हिरवं होतं.

आनंदीचा हात गळ्यातल्या मंगळसूत्राकडे गेला. एकाचे दोन दंड करून पुढे लिहीत गेली असती तर सभेत बहुधा कुणाच्या लक्षातही आलं नसतं. ती तशीच बसून राहिली.

शास्त्रीबुवा नदीवरून परतले.

"अप्पा, श्लोक अर्धाच आहे."

"तेवढाच लागतो."

"पुढच्या अर्ध्यात बारा वर्षं आहेत."

"मला माहीत नाही?" ते तडकून म्हणाले. मग त्यांचा आवाज उतरला. "तुझ्या कपाळाकडे बघून लिहिलं, आनंदे. मी आहे तोवर ठीक. पुढे वाईची माणसं तुझे केस उतरवून माजघरात बसवतील."

"बसवतील. आणि सोजरबाईनं कुठं बसायचं? तिची बाजू तुम्ही दोन ओळींत आटोपलीत. मला असं शिकवलं नव्हतं."

"तो परत आला तर?" त्यांनी हळूच विचारलं.

"आला तर काय करायचं, तेही कुठंतरी लिहिलेलं असेल. शोधू." ती थांबली. "मी रोज दाराकडे बघायची, अप्पा. कधी बघेनाशी झाले, ते आठवतसुद्धा नाही."

"हरताळ घोट," ते म्हणाले.

तिनं अक्षरं झाकायचा पिवळा हरताळ पाण्यात घोटून दिला. शास्त्रीबुवांनी आपल्याच अक्षरांवर तो स्वतः फासला, कागदाच्या बंदामागून बंद. मग त्यांनी पाटी मागितली.

नऊ दिवस दोघं खपली. तीन घरांतून पोथ्या आणवल्या. पानिपतावरून एक हात गमावून आलेला दत्तोबा शेजारच्या आळीत होता, त्याला बोलावलं. "पळापळीत सख्खा भाऊ कुठं पडला ते मला ठाऊक नाही. साक्षीदार आणायचा कुठून?" तो म्हणाला. शास्त्रीबुवांनी ते उत्तरात घेतलं. वाट पाहणाऱ्या बाईची बाजू मात्र त्यांनी आनंदीलाच लिहायला सांगितली. तिनं तीन बंद लिहिले. त्यातलं एक अक्षरही त्यांनी बदललं नाही.

सभेत वाचन झाल्यावर एकानं विचारलं, "हा निर्णय आधी आपल्याच घरी लागू होतो, ध्यानात आहे ना?"

"डोळे गेलेत, ध्यान शाबूत आहे," शास्त्रीबुवा म्हणाले आणि बंद गुंडाळले.

पौषात वाईकरांनी पळसाच्या देठांची प्रतिमा करून श्रीनिवासाला अग्नी दिला. आनंदीचे केस गेले. सासऱ्यांनी तिला न्यायचं काढलं, तेव्हा शास्त्रीबुवा एवढंच म्हणाले, "मग मला वाचून कोण दाखवणार?" आणि दारातून हलले नाहीत. सासरे एकटेच परत गेले.

माघात सोजरबाई आली. लाल आलवणातल्या आनंदीला पाहून ती दारातच थबकली आणि हिरव्या बांगड्यांचे हात तिनं पदराखाली घेतले.

"बघू तरी, कशा आहेत बांगड्या," आनंदी म्हणाली.

सोजरबाईनं हात बाहेर काढले आणि ती रडू लागली. आनंदीनं तिला बसायला पाट सरकवला आणि लेकीचं कुठं ठरलं का, ते विचारलं.