घुमारा

“बंद कर! बंद कर म्हणतो ना!”

कानसेनने बॉनेटवर थाप मारली. ट्रॅक्टरच्या सीटवर बसलेल्या बायकोने दांडी ओढली आणि इंजिन गप्प झालं. आवाज मात्र गप्प झाला नाही. तो समोरच्या भिंतीवर आपटला, तिथून छताला गेला, छतावरून जुन्या बाल्कनीत शिरला आणि तिथे जरा रेंगाळून पुन्हा खाली उतरला.

“गेला का?” बायकोने वर बघत विचारलं.

“कोण?”

“आवाज. गेला असेल तर मी उतरते.”

त्याला हसू आलं नाही. हल्ली त्याला कशाचंच हसू येत नव्हतं. हातातला पाना त्याने टेबलावर आदळला, तर त्याचाही खणखणाट चारी भिंतींनी एकमेकींना सांगून झाला.

ही जागा म्हणजे जुनं थिएटर. पडदा फाटल्यावर कुणी नवा लावला नाही, तेव्हापासून तिला कुलूपच होतं. कानसेनने आयुष्यभराची पुंजी ओतून ती घेतली, ट्रॅक्टर आणि शेतीच्या यंत्रांच्या दुरुस्तीसाठी. त्याआधी त्याचा सगळा कारभार रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये चालायचा. तीन बाजू उघड्या, वर पत्रा. लोक यंत्र चालू करायचे, हा मान कलती करून, डोळे मिटून उभा राहायचा आणि मग एकदम बोट रोखायचा, “इथे आहे.” खोलून पाहावं तर बिघाड तिथेच. कुणीतरी गमतीने कानसेन म्हणालं आणि ते असं चिकटलं की त्याचं खरं नाव आता फक्त वीजबिलावर उरलं होतं.

शटरच्या वंगणाचं काम उरकायला आलेला ठेकेदार दाराशी उभा राहून हे सगळं बघत होता. कानसेनने त्याच्याकडे मोर्चा वळवला.

“हे काय बांधून दिलंस मला? इंजिन एक आणि आवाज दहा!”

“मालक, मी कुठं बांधलंय? बांधणारा केव्हाच देवाघरी गेला,” ठेकेदार म्हणाला. “मी उतार भरून जमीन सपाट केली. पडद्यामागची भिंत फोडून एवढं मोठं शटर लावलं. हार्वेस्टर झुलत झुलत आत येईल. आता आवाजाला मी कुठं गिलावा करू?”

“मला त्यातलं काही सांगू नको. ऐकू आलं पाहिजे.”

“वरून खोटं छत मारून देतो. पण खर्च वाढेल.”

“भिंतीवरची तरटं होती तेव्हा घुमत नव्हतं,” बायको म्हणाली.

ठेकेदाराने शटरच्या खाचेत उगाच आणखी थोडं तेल सोडलं.

ती तरटं म्हणजे भिंतीभर ठोकलेल्या लाकडी चौकटी, आत काथ्या, वरून गोणपाट. काम सुरू झालं त्याच दिवशी पहिली चौकट कानसेनने स्वतः पहार घालून उचकटली होती. धुळीचा लोट उठला, उंदरांची घरटी खाली पडली, आणि त्या धुळीत उभं राहून तो सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला होता, “सिनेमावाल्यांचे नखरे! काढून टाका सगळं!” भंगारवाल्याने ती फुकटसुद्धा नेली नाहीत. मागच्या अंगणात पत्र्याखाली रचून ठेवली होती. आता तीच परत लावायची म्हणजे स्वतःचे शब्द काथ्यासकट गिळायचे.

आणि नेमका आत्ताच एका मोठ्या बागायतदाराचा हा ट्रॅक्टर आला होता. त्याच्या इंजिनातून कसला तरी बारीक आवाज येत होता. आधी दोन गॅरेजांत त्याचं हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवून पुन्हा बसवून झालं, तरी आवाज तसाच. बागायतदार ट्रॅक्टर सोडून जाताना म्हणाला होता, “तुम्ही शोधलंत तर माझी सगळी यंत्रं इथंच येतील. नाहीतर कंपनीचा माणूस आहेच, कॉम्प्युटर लावून सांगतो म्हणतोय. पण म्हटलं, आधी कानसेनला दाखवू.” नव्या जागेतलं पहिलं मोठं काम. ते हुकलं असतं तर दुसऱ्या दिवशी सगळीकडे झालं असतं की थिएटर घेतलं आणि कानसेनचा सिनेमा झाला.

“अहो, मागं अंगणात काढून ऐका की,” बायको सीटवरून उतरत म्हणाली. “दोन मिनिटांचं काम.”

“अंगणात कशाला? एवढी जागा घेतली ती काय शोभेला?”

“मग कान तरी दाखवून या एकदा. फोन खिशात वाजत असतो आणि तुम्हाला पत्ता नसतो.”

“कानाला काय धाड भरलीय माझ्या?” तो उसळला. “मळणीयंत्राचं बेअरिंग कुणी पकडलं? त्या लाल ट्रॅक्टरचा गिअर कुणी पकडला? सांग ना!”

“तुम्हीच पकडलंत.”

“मग!” त्याची नजर इंजिनवर गेली. डिझेल पंपावर तेलकट फडकं पडलं होतं. “आणि हे! हजारदा सांगितलं, मशिनवर फडकी टाकत जाऊ नको. एखाद्या दिवशी अडकेल कशात तरी आणि हात जाईल माझा. पूर्वी नव्हती तुला ही सवय.”

बायकोने त्याच्याकडे क्षणभर बघितलं. मग फडकं उचलून खांद्यावर टाकलं आणि सुटे भाग धुवायला डिझेलच्या घमेल्यापाशी जाऊन बसली. लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्याच्या हाताखाली पाने देत आली होती. कुठला पाना हवा ते त्याने मागायच्या आधी तिला कळायचं, आणि तो चिडला की गप्प बसायचं हेही.

दुपारी ती घरी गेली, ठेकेदारही गेला, तेव्हा कानसेन एकटाच ट्रॅक्टरवर चढला. इंजिन चालू केलं. शटर उघडंच होतं, पलीकडे अंगण, अंगणात ऊन. दोन मिनिटांचं काम. त्याने गिअरवर हात ठेवला आणि तो तसाच बसून राहिला. इथे काही ऐकू येत नव्हतं ते या भिंतींमुळे. भिंतींना शिव्या घालता येत होत्या, ठेकेदाराला घालता येत होत्या, मेलेल्या बांधणाऱ्यालाही घालता येत होत्या. पण बाहेर काढलं आणि बाहेरही नाही आलं ऐकू, तर शिव्या कुणाला घालायच्या? त्याला भीती वाटली, लहान मुलाला अंधाराची वाटते तशी. त्याने दांडी ओढली, खाली उतरला आणि ठेकेदाराला फोन लावला.

“ती तरटं लाव परत,” तो म्हणाला, आणि पुढचं हसणं ऐकू यायच्या आत फोन ठेवून दिला.

तरटं लावण्यात सगळ्यांच्या नाकी नऊ आले. आधी ती अंगणात काठ्यांनी झोडपली. मग कळलं की भिंतींना नवा रंग लावताना जुन्या खुंट्या उपटल्या होत्या, त्या पुन्हा ठोकाव्या लागल्या. रंगाची वाट लागली. एक चौकट उलटी बसली, एक वाकडी. ठेकेदाराची माणसं शिंकून शिंकून बेजार. कानसेन शिडीवर चढून स्वतः खिळे ठोकत होता आणि प्रत्येक खिळ्याबरोबर काहीतरी पुटपुटत होता. पण चौकटी वाढत गेल्या तसा हातोड्याचा आवाज आखडत गेला. शेवटची चौकट ठोकली तेव्हा नुसतं ठक झालं, आणि ते ठक जिथल्या तिथे संपलं.

“बघा,” ठेकेदार खालून म्हणाला, “आता कुजबुजलं तरी कळेल.”

ठरल्या दिवशी बागायतदार आला. येताना आणखी एक ट्रॅक्टर चालवत घेऊन आला होता, तो त्याने शटरबाहेर उभा केला. “आधी पहिल्याचं काय ते बघू,” म्हणाला आणि स्वतःच सीटवर चढून बसला.

इंजिन सुरू झालं. कानसेनने मान कलती केली, डोळे मिटले.

आवाज आता एकच होता. इंजिनाची धडधड स्वच्छ, जवळ, छातीशी असावी तशी येत होती. घुमारा पार गेला होता. त्याने वाट पाहिली. धडधड, धडधड. तिच्या पोटात दुसरं काही नव्हतं. त्याने एक पाऊल पुढे टाकलं, मान आणखी वाकवली. काही नाही.

“अरे वा!” ठेकेदार म्हणाला. “आता तर मलासुद्धा येतंय ऐकू. ते बारीक टिकटिक टिकटिक. तेच ना, मालक?”

कानसेनने डोळे उघडले नाहीत. सिमेंट-वाळू कालवणाऱ्या माणसालाही ऐकू येत होतं. आता शिव्या घालायला भिंती नव्हत्या, छत नव्हतं, कुणी म्हणजे कुणी उरलं नव्हतं.

“टिकटिकच,” बागायतदार वरून म्हणाला. “हीच तर डोकं उठवते. बोला कानसेन, कुठं आहे?”

त्याने डोळे उघडले. बायको ओल्या हातांनी घमेल्यापासून उठून आली होती. इंजिनाच्या बाजूने जाता जाता तिने हात पुसले आणि फडकं डिझेल पंपावर ठेवलं, विसरल्यासारखं. त्याच्याकडे न बघता ती पुढे निघून गेली.

“अगं, हे फड—” सवयीने त्याचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

त्या दिवशी तो ओरडला तेव्हाही फडकं तिथेच होतं, डिझेल पंपावर. त्याआधी मळणीयंत्राच्या डाव्या बेअरिंगपाशी. लाल ट्रॅक्टरच्या गिअरच्या पेटीवर. फवारणीच्या पंपाच्या झडपेवर. प्रत्येक वेळी त्याने ओरडून ते उचलायला लावलं होतं, आणि ही खेप सोडली तर प्रत्येक वेळी त्याचं बोट तिथेच जाऊन थांबलं होतं, आपलं आपण गेलं असं समजून. पूर्वी नव्हती तुला ही सवय. नव्हतीच. ही सवय तिला लागली होती गेल्या वर्षापासून.

त्याला राग आला. खरंच आला, डोक्यात सणकून. एवढे दिवस ही बाई माझ्याच वर्कशॉपमध्ये, माझ्याच नाकासमोर! पण ओरडायचं म्हटलं तर ते काय आणि कुणासमोर? पाठमोरी ती टेबलावरचे पाने ओळीने लावत होती. तिचे खांदे जरा ताठ झाले होते, आता बोलणी खायची आहेत हे ठाऊक असल्यासारखे.

“कानसेन?” बागायतदाराने पुन्हा हाक मारली.

“डिझेल पंप,” कानसेन म्हणाला. मग पुन्हा, मोठ्याने म्हणाला, “आवाज डिझेल पंपाचा आहे. उगाच हेड उतरवलं त्यांनी.”

पंप उघडला. आतला एक छोटा दांडा झिजून सैल झाला होता, हाताने हलवला तरी टकटक करत होता. बागायतदाराने तो तळहातावर घेतला, हलवून पाहिला आणि मांडीवर थाप मारली.

“कॉम्प्युटर गेला खड्ड्यात! याला म्हणतात कान! थांबा, दुसरा आत घेतो. त्याचीही काहीतरी कुरकुर आहे.”

दुसरा ट्रॅक्टर आत आला. तरटांच्या भिंतींनी त्याचा आवाज जिथल्या तिथे धरून ठेवला. ठेकेदार उत्सुकतेने पुढे सरकला. बायको मात्र टेबलापाशीच उभी होती, रिकाम्या हातांनी. फडकं तिने उचललं नव्हतं, ते अजून पहिल्या ट्रॅक्टरवरच पडलं होतं.

कानसेन भिंतीवरच्या एका खिळ्यापाशी गेला. धुतलेली फडकी तिथे टांगलेली होती. त्यातलं एक कोरडं, स्वच्छ बघून त्याने काढलं, टेबलापाशी गेला आणि तिच्या हातात दिलं.

“घे,” तो म्हणाला.

तिने फडक्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तो आधीच वळला होता. इंजिनासमोर जाऊन त्याने नेहमीप्रमाणे मान कलती केली. या वेळी डोळे मात्र उघडे ठेवले.