बिनसाखरेचा चहा

नारळी पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. मोरा बंदरातल्या होड्या पुन्हा समुद्रात उतरल्या होत्या, त्यामुळे त्या रविवारी सोनाबाई कोळणीची पाटी भरलेली होती. नवीन पनवेलच्या सोसायटीचे तीन जिने चढून तिनं पाटी दारात टेकवली आणि पदरानं मान पुसली.

"वैनी, बोंबील बगा आजचं. आनि ही डबी ठेवा. नारलाच्या करंज्या. तुमाला साकर हाय म्हनून येगल्या गूल घालून केल्यान."

शशिकलाबाईंनी डबी उघडली, वास घेतला, हॉलमध्ये पेपर वाचणाऱ्या नवऱ्याकडे, अविनाशरावांकडे एकदा पाहिलं आणि झाकण लावलं.

"अगं, गूळही चालत नाही मला."

"आता गूलबी नाय? मंग जगता तरी कशावर वैनी?"

"तुझ्या बोंबलांवर," शशिकलाबाई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

रेवानं आईचा चहा तिच्यापुढे ठेवला. काठाला निळी रेघ असलेला वेगळा कप, चहा बिनसाखरेचा. शशिकलाबाईंनी घोट घेतला आणि नेहमीसारखं तोंड किंचित वाकडं केलं. इतक्या वर्षांत त्यांना त्या चहाची सवय झाली नव्हती.

होणार तरी कशी? शशिकलाबाईंना मधुमेह नव्हताच.

रेवा शाळेत असताना आईला आवाज ऐकू येऊ लागले होते. खालच्या मजल्यावरचे लोक रात्रंदिवस आपल्याबद्दल बोलतात असं तिला वाटे. तिनं खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली. पिठात कुणीतरी काही कालवलंय म्हणून पोळ्या करणं सोडलं. दादरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. बरीच औषधं फुकट गेल्यावर त्यांनी क्लोझापिन सुरू केलं, आणि काही महिन्यांत आई परत आली. खिडक्या उघडल्या, पोळ्या फुगू लागल्या. मात्र या गोळीला एक पथ्य होतं. लाखातून नव्हे, पण शेकड्यांतून एखाद्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी ती संपवते, म्हणून रक्त नियमानं तपासायचं. "घसा दुखला किंवा ताप आला, तर वाट बघायची नाही. आधी मला फोन," असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

वरचेवर रक्त द्यायला जाताना पाहून शेजारच्या रंजितावहिनींनी एकदा विचारलं होतं, "साखर का हो?" अविनाशराव पटकन "हो" म्हणाले. त्या एका होकारावर सगळं घर उभं राहिलं. गोळ्या मधुमेहाच्या औषधाच्या बाटलीत गेल्या. चहातली साखर गेली, हळदीकुंकवाला पेढा नाकारणं आलं. इमारतीखालीच लॅब असताना रक्त द्यायला कळंबोलीला, ट्रकच्या रांगांपलीकडे, जिथं ओळखीचं कुणी भेटणार नाही तिथं जाणं आलं. घरातसुद्धा आजाराचं नाव कुणी उच्चारत नसे. 'आईचं ते' एवढंच म्हणत.

"घसा जरा धरलाय," कप खाली ठेवत शशिकलाबाई म्हणाल्या.

"रक्त द्यायचं राहिलंय ना या वेळचं?" रेवानं विचारलं.

अविनाशरावांनी पेपर खाली केला. "सत्यजीतचा साखरपुडा होऊ दे. आता रोज पाहुण्यांची ये-जा, त्यात कळंबोली कुठे? आणि घसा काय, पावसात सगळ्यांचाच धरतो."

संध्याकाळी रेवाच्या भावाची, सत्यजीतची, नियोजित वधू समृद्धी आणि तिच्या घरचे तारीख ठरवायला आले. माणसं बरी होती. समृद्धीनं स्वयंपाकघरात जाऊन पोह्यांवर कोथिंबीर घातली, शशिकलाबाईंना "आई" म्हणाली. तिचे वडील मोकळे, बोलघेवडे. पोहे संपवून त्यांनी बशी खाली ठेवली.

"राग मानू नका अविनाशराव, पण आमच्या बहिणीच्या वेळी फसवणूक झाली. मुलाच्या आईला वेडाचे झटके यायचे, लग्नानंतर कळलं. तेव्हापासून मी तोंडावरच विचारतो. घराण्यात डोक्याचं वगैरे काही?"

"छे, छे! हिची साखर सोडली तर सगळे ठणठणीत."

"मग आमच्याकडे सगळेच वेडे!" समृद्धीचे वडील म्हणाले. पाहुणे हसले, सत्यजीत हसला, आणि बिनसाखरेचा कप दोन्ही हातांत धरून शशिकलाबाईही हसल्या. रेवाला ते हसू नंतर कधी विसरता आलं नाही. त्यात लाज नव्हती. सांगितलेलं काम नीट पार पाडल्याचं समाधान होतं.

सोमवारी सकाळी शशिकलाबाईंना ताप भरला. मंगळवारी त्या थरथरू लागल्या तेव्हा जवळच्या खासगी रुग्णालयात नेलं. रेवाच्या आधी समृद्धीचे आईवडील तिथं पोचले होते. शहाळी घेऊन, काळजीनं.

"आधीचा काही आजार? कुठलं औषध चालू आहे?" तरुण डॉक्टरनं विचारलं.

रेवानं तोंड उघडलं. अविनाशरावांचा हात तिच्या मनगटावर पडला. "साखर," ते म्हणाले. "बाकी काही नाही."

समृद्धीचे वडील शेजारीच उभे होते. रेवा गप्प राहिली.

तपासणीत पांढऱ्या पेशी अगदी खाली गेलेल्या दिसल्या. शहरात डेंग्यूचा जोर होता. "डेंग्यूत असं होतं. वाट बघू," डॉक्टर म्हणाले. सलाईन लागलं. नर्सनं बोटाला सुई टोचून यंत्रावरचा आकडा पाहिला आणि कौतुकानं म्हणाली, "काकूंची शुगर एकदम कंट्रोलमध्ये आहे हं! छान पाळलंय पथ्य."

संध्याकाळी भेटीच्या वेळी अविनाशराव पडदा ओढून घेत. रुमालाच्या गाठीतली गोळी काढून, मान उचलून, घोटभर पाण्याबरोबर स्वतःच्या हातानं देत. एवढ्या वर्षांत त्यांनी एकदाही ती चुकवली नव्हती. ती चुकली तर काय होतं, हे वर्तमानपत्रं चिकटवलेल्या खिडक्यांच्या घरात त्यांनी पाहिलं होतं. आणि आता तर बाहेर बाकावर व्याही बसलेले.

"दादरला फोन करू या ना बाबा," रेवा म्हणाली.

"डेंग्यू आहे. डॉक्टर सांगतायत ना? गोळी थांबली आणि ते पुन्हा उपटलं, तर इथं सगळ्यांसमोर ओरडेल ती. मी आहे ना."

शनिवारी पहाटे शशिकलाबाई गेल्या.

दादरला फोन रेवानं केला, पण सगळं आटोपल्यावर. पलीकडून एकेका दिवसाची चौकशी झाली. मग डॉक्टर म्हणाले, "ती गोळी पहिल्याच दिवशी थांबवायची होती. पेशी वाढवायची इंजेक्शनं असतात. तिथल्या डॉक्टरांना कुणी सांगितलंच नाही?"

"वाचली असती?"

"बहुतेक."

भेटायला आलेले लोक एकमेकांना सांगत होते, साखरेनं आतून पोखरलं होतं. तेराव्याला रंजितावहिनींनी पानं वाढली आणि गेलेल्या बाईच्या पानापाशी त्या डाव घेऊन थबकल्या. "रेवा, वहिनींच्या पानात बिनसाखरेची खीर ठेवू का गं? वेगळी काढून ठेवलीय मी." त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

रेवा उत्तर देण्याआधीच अविनाशराव म्हणाले, "ठेवा."

लग्न वर्षाच्या आतच उरकायचं ठरलं. थंडीत समृद्धीच्या वडिलांचा फोन आला. त्यांच्या मंडळानं मोठा सत्कार ठेवला होता. गंभीर मनोविकारांच्या उपचारांवर आयुष्य घालवलेल्या डॉ. आशालता आणि त्यांचे एक सहकारी पनवेलला येणार होते. "सगळे या हं. पहिल्या रांगेत जागा ठेवतो. असली माणसं आपल्याकडे रोज येत नाहीत."

नाट्यगृह भरलं होतं. मंचावर झेंडूच्या माळा, फेटे, चांदीचं तबक. निवेदकानं दोघांची ओळख करून दिली तेव्हा रेवाच्या हातातली पत्रिका ओली झाली. धोक्याची म्हणून अनेकांनी बाजूला टाकलेली क्लोझापिनची गोळी, रक्तावर नजर ठेवली तर इथल्या साध्या घरांतूनही सुखरूप देता येते, हे दाखवण्यात या दोघांची उमेदीची वर्षं गेली होती. म्हणजे आईच्या पोळ्या पुन्हा फुगल्या, त्यात या पांढऱ्या केसांच्या बाईंचा हात होता. रेवा त्यांच्याकडे पाहत राहिली. तिला त्यांचे पाय धरावेसे वाटले, आणि त्यांच्यापासून तोंड लपवावंसंही.

डॉ. आशालता फार बोलल्या नाहीत. "रक्तावर नजर ठेवायला आम्ही शिकलो," त्या म्हणाल्या. "लोक आम्हाला शाली देतात. पण ज्यांच्यासाठी हे केलं, त्यांच्यापैकी कुणी मला अजून चारचौघांत भेटलेलं नाही. माझी एक विनंती आहे. या सभागृहात अशा एखाद्या घरातलं कुणी असेल, तर आजची शाल मी त्यांच्या हातून घेईन."

सभागृह गप्प झालं. खुर्च्या करकरल्या, कुणी खोकलं. लोक आधी समोर पाहत राहिले, मग गुडघ्यांकडे. एवढ्या माणसांत एकही घर नसेल? रेवानं मागं वळून पाहिलं. एक बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

शांतता लांबली तसे समृद्धीचे वडील हसत माइकपाशी आले. "मॅडम, आमच्या पनवेलमध्ये तसं कुणी नाही हो! इथं सगळी शहाणी माणसं!"

सभागृह सुटल्यासारखं हसलं. सत्यजीत हसला. अविनाशरावही ओठांनी हसले.

रेवा उठली.

"बस," अविनाशराव पुटपुटले. त्यांचा हात पुन्हा तिच्या मनगटावर आला. तोच हात, त्याच जागी. "रेवा, पाया पडतो तुझ्या. सत्यजीतचं लग्न... आणि आता बोलून ती येणार आहे का?"

"नाही येणार," रेवा म्हणाली. तिनं हळूच मनगट सोडवून घेतलं.

पायऱ्या चढताना तिला कुणी अडवलं नाही. समृद्धीच्या वडिलांना वाटलं ती शाल द्यायला मदत करतेय, म्हणून कौतुकानं त्यांनीच तिच्या हातात माइक दिला. "या आमच्या व्याह्यांच्या कन्या," ते म्हणाले.

खाली पहिल्या रांगेत बाप मान खाली घालून बसला होता. मागच्या बाईची बोटं पदरावर थांबली होती. हे ऐकून ती उद्या कुणाला काही सांगेल, अशी आशा रेवाला नव्हती. ज्या डॉक्टरला सांगायचं होतं, तो इथं नव्हता. ज्या मंगळवारी सांगायचं होतं, तो मंगळवार गेला होता.

"माझ्या आईला साखर नव्हती," ती म्हणाली. माइकमधून आपलाच आवाज तिला अनोळखी वाटला. "माझ्या आईचं नाव शशिकला. तिला स्किझोफ्रेनिया होता."